तळ्याला दिलेला शब्द

चेक देशातल्या त्रेबोन गावाजवळच्या त्या तळ्याचं पाणी मासे काढण्यासाठी पुढच्या आठवड्यात सोडून देणार होते. म्हणून दिग्दर्शक क्रातिनांना परीकथेच्या चित्रपटातले पाण्यावरचे दोन्ही प्रसंग त्याच दिवशी उरकायचे होते. गोष्ट अशी : पाणचक्कीवाल्याची मुलगी तळ्यातल्या जलपुरुषाच्या प्रेमात पडते, त्याला वचन देते आणि बापाच्या धाकानं ते मोडते. तिकडे म्हणतात, जलपुरुष माणसाच्या वेषात वावरला, तरी त्याच्या कपड्याच्या डाव्या काठातून पाणी ठिबकत राहतं. मुलगी झाली होती मिलाडा, जलपुरुष राडोवान. नाताळात दोघांचं खरंच लग्न होतं.

सकाळी दाट धुकं होतं. लाकडी धक्क्यावर बसून मिलाडानं हात पाण्यात सोडला. जलपुरुष हळूहळू खांद्यापर्यंत वर आला. हिरवे केस चेहऱ्याला चिकटलेले, डोळ्याची पापणी लवत नव्हती. त्यानं तिचा हात धरला. राडोवाननं तो असा धरून कित्येक महिने झाले होते. 

"मी येईन," ती म्हणाली. "कुणी कितीही अडवलं तरी येईन."

"कट! जिंकलंस, पोरी!" क्रातिना ओरडले.

तरी हात लगेच सुटला नाही. मग जलपुरुष मागे सरकत धुक्यात दिसेनासा झाला.

रम घातलेला गरम चहा घेऊन ती रंगभूषेच्या गाडीकडे धावली. दार उघडलं, तर आत राडोवानच्या मांडीवर रंगभूषाकार हेदविका.

"अगं, दार तरी वाजवायचंस!" हेदविका म्हणाली.

मिलाडाला आधी दिसले ते त्याचे केस. कोरडे ठणठणीत.

"तू पाण्यातून कधी आलास?"

"पाण्यातून? मला अजून बोलावलंय कुठे?" मग तिचा चेहरा पाहून तो उठला. "मिलाडा, मी सांगणारच होतो. चित्रीकरण संपलं की..."

"लग्नाच्या आधी, की नंतर?"

 चहा तिथेच पायरीवर ठेवून ती निघून आली. सकाळच्या त्या हाताबद्दल ती कुणाशीच बोलली नाही. काय सांगणार होती?

दुपारी वचन मोडायचा प्रसंग. या वेळी राडोवान सगळ्यांच्या देखत, थंडीला शिव्या घालत पाण्यात उतरला. मिलाडानं संहितेतलं एकही वाक्य म्हटलं नाही.

"तुला दिलेला प्रत्येक शब्द खोटा होता. तुझ्या स्पर्शाची किळस येते मला. चालता हो!"

राडोवानचा चेहरा उतरला. त्याच्या मागे, वारा नसताना, पाणी शहारलं.

ऐकणारा एकटा राडोवानच नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. तोवर बोलून झालं होतं.

ठरल्याप्रमाणे तो बुडाला.

वर येईना.

हेदविका किंचाळली. चित्रीकरणाच्या चमूतल्या दोघांनी पाण्यात उड्या टाकल्या.

मग तो आपणहून वर आला. शिवी नाही की कुडकुडणं नाही.

संध्याकाळी खानावळीत लोकरीचा कोरडा स्वेटर घालून तो आला आणि सरळ मिलाडाजवळ बसला.

"राडोवान, इकडे ये ना," हेदविका म्हणाली. त्यानं मान वळवली नाही. टेबलावरचा मिलाडाचा हात हातात घेतला. ती पकड तिनं ओळखली.

"येणार होतीस ना?" त्यानं हळूच विचारलं.

तिला हात सोडवता येईना.

तेवढ्यात खानावळीची मालकीण फडकं घेऊन आली. "काय रे पोरांनो, बिअर सांडलीत का?"

त्याचा पेला काठोकाठ भरलेला होता. कोरड्या स्वेटरच्या डाव्या काठातून पाणी ठिबकत होतं.