चार नंबरच्या खाटेवरचे आबा

फौजदार रेणुका तळेगावजवळच्या त्या छोट्या दवाखान्यात पोचली ती नर्स अल्फियाला अटक करायच्या तयारीनेच. आदल्या दिवशी, बुधवारी, तापाच्या गुंगीतल्या सरुबाईला डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई दिली आणि बाई तडफडून गेली. ते औषध तिला सोसत नाही, अशी नोंद कॉम्प्युटरवर नव्हती; ती करायचं काम अल्फियाचं.

"मंगळवारी मीच नोंद केली, मॅडम," अल्फिया म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता.

"सुई देण्याआधी मी स्वतः पाहिलं. कोरं होतं," डॉ. स्वराज म्हणाले. दवाखाना त्यांचाच.

रेणुकाने कॉम्प्युटरचा पडदा पाहिला. नोंद खरंच नव्हती. चार नंबरच्या खाटेवर बजरंग, नवलाख उंबरे, असं दिसत होतं. खाट मात्र रिकामी होती.

दाराशी एक म्हातारा सरुबाईची चौकशी करत उभा होता.

"आबा, नाव काय?"

"बजरंग. तिच्या शेजारच्या खाटंवर व्हतो. मंगळवारीच घरी गेलतो."

तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखे फिरत राहिले, कॉम्प्युटरही चालू राहिला. पडद्यावर मात्र उमटलं: डेटाबेसशी संपर्क होत नाही.

"असं आधी झालंय?"

"कधीच न्हाई," कॉम्प्युटर सांभाळणारा सोपान गोंधळला. सुट्टी संपवून तो परंदवडीहून आजच आला होता. "नोंदी ठिवायचं मशीन, सर्व्हर, त्ये बी इन्व्हर्टरवरच हाय."

"मग इन्व्हर्टरवर काय नाही?"

"सरांची केबिन. एसी बॅटरी खातो म्हनून वगळलीय."

वीज आल्यावर रेणुकाने सोपानला सेटिंगची फाइल उघडायला लावली. नोंदी कुठल्या मशीनवरून आणायच्या, तो पत्ता त्यात असतो. पत्ता केबिनमधल्या कॉम्प्युटरचा होता. फाइल बदलल्याची वेळ बुधवारची, सरुबाई गेल्यानंतरची होती.

"सुट्टीवर जाताना सोमवारच्या नोंदींची राखीव प्रत म्या तितं ठेवलीती," सोपान पुटपुटला. "फाइल कशी बदलायची ते सरांना शिकवलंय. आमा दोघांनाच येतं."

"म्हणून पडद्यावर आबा अजून खाटेवर आहेत आणि मंगळवारची नोंद गायब," रेणुका म्हणाली. "फाइल बदलली सरुबाई गेल्यानंतर. तेव्हा सोपान गावी होता. डॉक्टर, तुम्ही सुईआधी पाहिलं असतंत, तर नोंद दिसलीच असती. तुम्ही पाहिलंच नाहीत. नंतर ती लपवलीत, आणि या पोरीला पुढे केलंत."

"गर्दी होती," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

सोपानने जुना पत्ता परत घातला. मंगळवारची नोंद पडद्यावर आली. अल्फियाने ती वाचून दाखवली.

"पेनिसिलिन देऊ नये. मागे या सुईने मावशींचा जीव जाता जाता वाचला. त्यांनी हात जोडून सांगितलं आहे."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली.