बिनतक्रार उतार

जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीवर घाम फुटायच्या आधीच हेमांगी रणपिसेची मान आखडली. मग तळहात बधिर झाले, मग बसण्याच्या हाडांनी बोंब मारली. ती उतरली, पान्याने सीट जराशी वर केली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. मेंदू-संशोधन केंद्रात संवेदक बनवणारी ही बाई जन्माचीच अस्वस्थ. बैठकीतसुद्धा टेबलाखाली तिचे पाय पेडल मारत असायचे.

कॉलेजात असताना पातळ टायरच्या, वाकड्या हँडलच्या सायकलीवरून ती पाचगणी ते वाईचा पसरणी घाट कितीदा उतरली होती. पुढे नोकरी आली, संसार आला, आणि सायकल माळ्यावर गेली ती गेलीच. आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिला एकच गोष्ट हवी होती: पोटात गोळा आणणारा, कानात वारं भरणारा तो उतार, पुन्हा एकदा. तोही येत्या रविवारी. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

कॉलेजातली मैत्रीण नलिनी अजूनही दर आठवड्याला सायकल चालवायची. तिने सांगून पाहिलं होतं, “हँडल थोडं उंच घे, रोज थोडी थोडी चालव. दोन महिन्यांत अंग सरावेल.” दोन महिने! हेमांगीला चहा उकळेपर्यंत धीर नसायचा.

“आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला,” तिच्या हातातला पाना बघून डॉ. अष्टपुत्रे हसले. केंद्राचे हे मेंदूतज्ज्ञ सायकलीशेजारीच उभे होते. “रणपिसेबाई, दोष सीटचा नाही. तुमच्या लहान मेंदूचा आहे.”

“म्हणजे तो सायकल विसरलाय?”

“छे! तो काहीच विसरलेला नाही, हीच अडचण आहे. त्याच्याजवळ अजून तुमच्या विशीतल्या शरीराचा नकाशा आहे. त्यावरून तो अंदाज बांधतो, मनगटावर एवढा भार येईल, कंबर एवढी वाकेल. प्रत्यक्षात होतं भलतंच. त्या दोहोंतला फरक तो वर, मोठ्या मेंदूला कळवतो आणि तुम्ही त्याला दुखणं म्हणता. मला सांगा, स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होतात का?”

“नाही होत.”

“कारण तो स्पर्श मेंदूने आधीच ओळखलेला असतो. जे ओळखलेलं, ते वर कळवायचं कशाला?”

हेमांगीचे पाय हलायचे थांबले. “मग प्रत्येक संवेदना क्षणभर आधी अंदाज म्हणून त्याच्या हातात ठेवली, तर तक्रारच उरणार नाही!”

“उरणार नाही.”

“आणि तोल?”

“त्यासाठी वर विचारावं लागत नाही. हातपाय आपापलं काम करतात.”

मग काय, हेमांगीने जेवणखाण विसरून डोक्यामागे बांधायची ‘अंदाजपट्टी’ तयार केली. पट्टी लावून ती सायकलीवर बसली आणि पडद्यावर मेंदूच्या तक्रारी दाखवणारी लाल रेषा झोपली ती पुन्हा उठलीच नाही. अष्टपुत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. चाचणी संपली तेव्हा ती सुरू झाल्यासारखंही हेमांगीला वाटलं नव्हतं. याचा अर्थ दोघांनीही एकच लावला: पूर्ण आराम.

रविवारी सकाळी सायकली जीपच्या टपावर टाकून हेमांगी आणि नलिनी पाचगणीला पोचल्या. खाली कृष्णेचं खोरं पसरलं होतं. हेमांगीच्याने एका जागी उभं राहवत नव्हतं. कितीतरी वर्षं ती घाटमाथ्यावरच्या या कठड्यापाशी मनाने उभी होती. तिने पट्टी बांधली, कळ दाबली आणि पेडलवर पाय ठेवला.

नलिनी सायकलवरून उतरली होती. वाऱ्याने तिचे डोळे पाणावले होते आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

“हेमे, काय वारं होतं गं त्या मोठ्या वळणावर! मी घसा फुटेस्तोवर ओरडले, आणि तू आपली गप्प!”

“कुठलं वळण?” हेमांगी म्हणाली. “उतरलीस कशाला? चल, निघू या ना.”

“कुठे?”

“घाट उतरायला!”

नलिनीचं हसू मावळलं. तिने मागे बोट दाखवलं. घाट त्यांच्या पाठीशी, वर उभा होता. समोर वाईतली घरं दिसत होती.

हेमांगी त्या वळणांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांनी ती टिपली होती, बोटांनी ब्रेक वेळेवर दाबले होते. पण पट्टीने प्रत्येक गोष्ट आधीच ओळखीची करून टाकली होती, म्हणून वर काहीच कळलं नव्हतं; नलिनीचे शब्द तेवढे तिला आधी ओळखता आले नव्हते. पोटात गोळा येणं हीसुद्धा मेंदूच्या लेखी एक तक्रारच होती.

तिने पट्टी ओरबाडून काढली. मान, मनगटं, कंबर, सगळ्यांनी एकदम गाऱ्हाणी सुरू केली. ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली.

“फार दुखतंय का गं?” नलिनी खाली वाकली.

हेमांगीने डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्या सगळ्या ठणक्यांमध्ये ती वारा शोधत होती. दुखणी एकूण एक आली. उतार काही आला नाही.