एका फोटोत कळत नसतं

वळीव आला तसा उंब्रजचा रस्ता घटकेत रिकामा झाला, आणि लालासाहेबांच्या फोटो स्टुडिओच्या पत्र्याखाली एक उंच तरुण येऊन उभा राहिला. स्वतः नखशिखांत निथळत होता. पण छातीशी धरलेल्या वाकळेवर त्यानं थेंब पडू दिला नव्हता.

राजेश्वरीनं कॉम्प्युटरवरून मान वर केली. "आत या की. बाळाला गारठा बाधंल."

"बाळ न्हाई," तो ओशाळला. "दुर्बीण हाय. साताऱ्यास्नं दुरुस्त करून आणली."

तिनं टॉवेल पुढे केला. त्यानं आधी दुर्बिणीचं नळकांडं पुसलं, मग उरल्या कोरड्या टोकानं स्वतःचा चेहरा. राजेश्वरीला हसू आलं... आणि का कोण जाणे, ते लवकर गेलंही नाही.

त्याचं नाव वीरधवल. पाटणच्या पुढं घरचा ऊस. दिवसा शेत बघायचा आणि रात्री आकाशाचे फोटो काढायचा. पाऊस थांबेपर्यंत त्यानं खिशातला पेनड्राईव्ह काढून दिला. त्यात एक फोटो होता: सप्तर्षींच्या शेपटाजवळची, भोवऱ्यासारखी गरगरीत दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा पुंजका. जूनमध्ये गावची शाळा उघडली की तिथल्या भिंतीवर मोठी करून लावायची होती. राजेश्वरीनं फोटो उघडला नि डोळे बारीक केले. आभाळ काळंकुट्ट, तारे फुगलेले, दीर्घिका पिवळीधमक.

"आभाळाला हळद लावलीया का वो?"

"जरा जास्त झाली व्हय?"

"लय."

"मग तुमीच करा."

लालासाहेब तिचे चुलते. तरुणपणी ते काळ्या-पांढऱ्या फोटोंवर बारीक कुंचल्यानं रंग भरायचे, ओठांवर गुलाबी, शालूच्या काठावर सोनेरी. स्टुडिओतला बाग रंगवलेला पडदा अजून त्याच काळातला. पुतणीचा हात त्यांच्यावरच गेला होता. पंचक्रोशीतल्या नवऱ्यामुली तिच्याकडे यायच्या, कारण ती मुरुम म्हणून शिल्लक ठेवायची नाही.

तसंच तिनं आभाळही निर्मळ केलं. पुढच्या सोमवारी वीरधवल आला, पडद्यापुढच्या स्टुलावर बसला आणि स्क्रीनवर काहीतरी शोधत राहिला.

"आवडला न्हाई?"

"तारे लय देखणे झाल्यात. पण... हितं एक धूसर शेपटी होती. भोवऱ्याच्या कडंला."

"ती मी — डाग म्हणून काढली."

आता हा रागावणार, असं तिला वाटलं. तो हसला. "तो उजेड निघाला तवा पृथ्वीवर माणूस नव्हता. एवढ्या लांबून आला, आणि उंब्रजात पुसला गेला."

"मग आता?"

"मूळ फोटो हायेत की सगळे. आमी एकाच जागेचे ढीगभर फोटो काढतो आणि एकावर एक ठेवतो. एका फोटोत कळत नसतं. कॅमेऱ्याचे खोटे ठिपके दर फोटोत जागा बदलत्यात. खरं असतं ते जागा सोडत न्हाई."

बोलायला लागला तेव्हा तो फोटोकडे बघत होता. संपवलं तेव्हा नव्हता.

त्या दिवसापासून राजेश्वरीनं पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतलं. तारे आधी वेगळे झाकून ठेवायचे, म्हणजे दीर्घिका उजळताना ते फुगत नाहीत. अंधार पार काळा करायचा नाही. त्यात थोडी राख ठेवायची, कारण धूसर गोष्टी तिथंच राहतात. उजेड एकदम ओढायचा नाही. थोडा ओढायचा, थांबून बघायचं, मग आणखी थोडा.

वीरधवल तिच्या बोटांकडे बघत राही. "एवढी वरसं मी नुस्ता ओढत होतो."

"उसाला पाट फोडून पाणी देता, तसं केलं असणार."

"तसंच केलं."

पण तिला नवल त्याचंच वाटायचं. थंडीवाऱ्यात रानात एकट्यानं बसायचं, ढग आले तर दुर्बीण वाकळेत गुंडाळायची आणि न कुरकुरता "उद्या बघू" म्हणायचं... असा माणूस तिनं पाहिला नव्हता. लग्नाच्या घाईतले लोक तर तिच्याकडे आजचा फोटो कालच मागायचे.

एका सकाळी, तो यायच्या आत, फोटो झाला. शेपटी परत आली होती. चुलीतून धूर निघावा तशी, हलकी. राजेश्वरीला आनंद व्हायला हवा होता. पण फोटो घेऊन हा स्टुलावरून उठला, तर परत कशाला येईल?

"कोपऱ्यात हिरवी झाक हाय अजून," तो आल्यावर तिनं सांगून टाकलं. "आणखी फोटो मिळाले तर..."

"आणतो की," तो घाईनं म्हणाला.

आणत राहिला. मे सरत आला, आभाळ रोज भरून यायला लागलं, तरी सोमवारी पेनड्राईव्ह हजर. एकच गोष्ट तिला खटकली. जुन्या फोटोंत नवे मिळवले की चित्रातला रवाळपणा कमी व्हायला हवा. तो होत नव्हता. तिनं नवा आणि जुना फोटो शेजारी ठेवून मोठे केले, आणि एकटीच हसली.

पुढच्या सोमवारी तिनं सहज विचारलं, "परवा पाटणला आभाळ मोकळं होतं?"

"तसं... होतं थोडं."

"आणि उपग्रह बी मागच्याच वाटेनं गेला? फोटोत त्याची रेघ तिथंच हाय. खोटे ठिपकेसुद्धा जागेवर बसून हायेत. ते जागा बदलत्यात, तुमीच सांगितलं होतं."

त्याचे कान लाल झाले. "जुनेच फोटो हायेत. नाव बदलून आणत होतो."

"का?"

"फोटो झाला असता तर... मी कशाला आलो असतो हितं?"

पत्र्यावर थेंब वाजू लागले. राजेश्वरीनं एक फोटो उघडला आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. तो बघतच राहिला. "हा कवा झाला?"

"मागंच. हिरवी झाक न्हवतीच."

दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते, आणि दोघांनाही ते जमत नव्हतं.

"आता सोमवारी काय सांगून येणार?" तिनं हळूच विचारलं.

"काकांशी बोलून येईन. म्हंजे... तुझी हरकत नसंल तर."

त्याचं 'तुमी' कधी गळून पडलं, त्यालाही कळलं नसावं. तिला कळलं.

"एका सोमवारात कळत नसतं," ती म्हणाली. "पण एवढे सोमवार झाले, तुमी जागा सोडली न्हाई."

काउंटरमागं भिंतीला टेकून बसलेले लालासाहेब खाकरले. "मी भिंतीला टेकलोय, भिंत न्हाई झालो. बसा दोघं पडद्यापुढं."

ती स्टुलावर बसली, तो मागे उभा राहिला; रंगवलेल्या बागेत, जरा अंतर राखून. लालासाहेबांनी डोळ्याला कॅमेरा लावला, बटण दाबलं आणि म्हणाले, "झालं."

वीरधवल जागचा हलला नाही.

"काका," तो म्हणाला, "एका फोटोत कळत नसतं. अजून काढा."