टेकडीवरचं पाणी

मी दातांच्या कवळ्या करतो. डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो, आणि अनोळखी माणसांचे जबडे दिवसभर माझ्यासमोर ओळीने वाळत असतात. या धंद्यात कल्पनाशक्तीचं काम नाही. माप चुकलं तर कुणाला तरी घास चावता येत नाही, इतकंच. म्हणून भावोजींना टेकडी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. जुन्या लढाया टेबलावर मांडून फासे टाकत खेळणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळात ते रमले होते. मंडळाचा प्रमुख औषधांचं दुकान चालवायचा. जन्मात त्याने कधी बंदूक हातात धरली नव्हती, पण सगळे त्याला सेनापती म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. त्याने यंदा फार प्राचीन काळातली एक मोठी लढाई ठरवली. एका सैन्याने उघड्याबोडक्या टेकडीवर तळ टाकला, दुसऱ्याने खालची नदी अडवली. वरचे लोक तलवारीने मरायच्या आधी तहानेने मेले. गोष्ट एवढीच.

ताईच्या घराच्या मागच्या खोलीत फळ्या जोडून टेबल उभं राहिलं. खोली प्रशस्त होती. पश्चिमेच्या खिडकीतून उजेड यायचा, कोपऱ्यात ताईची शिवणयंत्रं होती. एका बाजूला मी थर्मोकोल कापून, त्यावर कवळ्यांचं सगळ्यात कडक प्लास्टर चढवून टेकडी घडवत होतो. दुसऱ्या बाजूला भावोजी बोटाच्या पेराएवढे सैनिक रंगवत होते. टेकडीवरचं सैन्य त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. प्रत्येकाला वेगळा चेहरा द्यायचा त्यांचा हट्ट होता.

"अहो, लांबून कोण बघतंय नाकडोळे?" ताई म्हणायची.

"ते एकमेकांना बघतात ना," भावोजी म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

पहिल्यांदा ब्रश धुवायचा पेला रिकामा सापडला तेव्हाही आम्ही हसलोच. चहा समजून भावोजी पूर्वी एकदा ते रंगीत पाणी प्यायले होते. त्यांनी पेला पुन्हा भरला. थोड्या वेळाने तो परत कोरडा होता. तळाशी रंगाचा थर भेगाळून सुटला होता.

टेकडी जवळपास पुरी झाली, मग माझं प्लास्टर बिघडलं. इतकी वर्षं मी ते कालवतोय, डोळे मिटूनही मला पाण्याचा अंदाज येतो. इथे पाणी घातलं की वाटीतच भुकटी व्हायची. नवं पोतं आणलं, तेही तसंच. घरी माझ्या कामाच्या टेबलावर तेच पोतं लोण्यासारखं कालवलं जात होतं. घट्ट झाकणाच्या रंगाच्या बाटल्या आतून सुकल्या. खिडकीतलं रोप ताई रोज भिजवायची, त्याची पानं कागदासारखी वाजायला लागली.

खोलीत हवा कोरडी आहे, असं मी म्हणालो.

भावोजी पाणी पिऊ लागले. आधी पेल्याने, मग तांब्याने, मग ताई कळशीच आणून त्यांच्या शेजारी ठेवू लागली. त्यांचे ओठ फुटले, जीभ जड झाली. डॉक्टरांनी साखर तपासली, मूत्रपिंड तपासलं, सगळं ठणठणीत निघालं. खोलीबाहेर पडले की त्यांना बरं वाटायचं. तरी जेवण झालं की ते पुन्हा आत जाऊन बसायचे.

एकदा ते अंघोळीला गेलेले असताना मी त्यांच्या खुर्चीत बसलो. टेकडीवर मांडायचे सैनिक समोर उभे होते. मी भिंग लावून एकाचा चेहरा पाहिला. ओठांवरचा रंग पांढरट होऊन तडकला होता. दुसऱ्याचे तसेच, तिसऱ्याचेही. नदीकाठच्या सैन्याचे ओठ मात्र ताजे, तकतकीत. रंग तोच, ब्रश तोच. रंग वाळताना तडकतो हे मला ठाऊक आहे. मी स्वतःला तसं सांगत होतो, तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटली होती. ती सोडवायला मला बोट घालावं लागलं.

"भावोजी, हे राहू द्या आता," मी त्या दिवशी म्हणालो. "सेनापती दुसऱ्या कुणाकडून करून घेईल."

त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही. "सोडून कसा जाऊ रे? तिथे मीच बसवलंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते खुर्चीतून खाली कोसळले.

दवाखान्यात सलाईन लावलं. बाटली पाहता पाहता संपली. सिस्टरने दुसरी लावली, नळीचं चाक फिरवून धार बारीक केली, आणि तरी तीही तशीच संपली. तिने पलंगाखाली वाकून पाहिलं, चादर चाचपली. कुठेच ओल नव्हती. भावोजींचा हात माझ्या हातात होता. कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती.

ताई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "घरी जा. पाणी दे."

"ताई, सलाईन चालूच आहे की."

"ह्यांना नाही रे," ती म्हणाली. "त्यांना."

मी तिच्याकडून घराची किल्ली घेतली.

ताईच्या घरी ऊन खोलीत आलं होतं. टेकडीच्या माथ्याजवळ मी कवळ्या कोरायच्या यंत्राने एक भोक पाडलं आणि ते खोल करत गेलो. आतून दगडांच्या थरांसारख्या बारीक रेघा कोरल्या, काठ गोल घासला. खरं पाणी तिथे टिकलं नसतं, म्हणून त्यात पारदर्शक रेझिन ओतलं. वाळल्यावर ते काचेसारखं घट्ट होतं आणि लांबून हुबेहूब पाणी वाटतं. मला माझीच लाज वाटत होती. माणूस तिकडे मरणाच्या दारात, आणि मी इथे खेळण्यातली विहीर करत बसलोय.

रेझिन काठापर्यंत आलं तेव्हा विहिरीभोवतीचं प्लास्टर गडद झालं. आधी काठ, मग उतार, मग खालपर्यंत. रेझिन झिरपत नाही. मी हात लावला. टेकडी गार होती.

फोन वाजला. ताई होती.

"झोपलेत," ती म्हणाली. "बाटली सावकाश चाललीये."

भावोजी लवकरच अंथरुणातून उठले. अशक्त होते, पण जेवू लागले. खेळाच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात त्यांना खुर्ची दिली, ताई त्यांच्या मागे उभी राहिली. टेबल सुरेख दिसत होतं. लोक वाकून वाकून बघत होते. सेनापतीने मात्र टेकडीवर बोट ठेवलं.

"ही विहीर कुठून आली? वर पाणी असतं तर लढाई कशाला झाली असती? बुजवा ती. कापसाचा बोळा घाला, वर माती टाका."

ताई पुढे आली. तिने तळवा विहिरीवर उपडा ठेवला.

"बुजवून दाखवा," ती म्हणाली.

सेनापती हसायला गेला, पण ताईच्या तोंडाकडे बघून थांबला. "राहू दे," तो पुटपुटला. "खेळच तर आहे."

फासे पडू लागले. नदीकडचं सैन्य चढून आलं आणि मागे रेटलं गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. टेकडी पडली नाही. खेळ संपला तेव्हा भावोजींनी डोळे पुसले. ताईने हात पदराला पुसला. पदरावर ओला डाग उमटला. तो फक्त मला दिसला असावा.

टेबल मोडलं, सैनिक पेटीत गेले. टेकडी ठेवायला कुणाकडे जागा नव्हती, म्हणून मी ती माझ्या कामाच्या खोलीत आणली, खिडकीशेजारच्या फळीवर. भावोजी आता फुलांची चित्रं काढतात. आम्ही त्या विषयावर बोलत नाही.

मागच्या आठवड्यात धूळ झटकताना मी विहिरीवर भिंग धरलं. काठ मी स्वतः घासून सारखा केला होता. आता त्यावर शेजारी शेजारी बारीक खाचा पडल्या होत्या, आतल्या अंगाला गुळगुळीत. दोर घासून घासून जुन्या विहिरींच्या दगडाला पडतात तशा. एक खाच मात्र नवी होती. तिच्यात ताज्या घासलेल्या प्लास्टरची पांढरी भुकटी साचली होती.

मी फुंकर मारून ती उडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा होती.