भूसायीची चव

"पाऊस पडलाच नाही, मग ही ओल आली कुठून?"

विचारून टाकलं एकदाचं! जुईलीने मागे पाहिलं. तमन्ना आणि मुक्ता तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. 'हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचार, तुझीच आई आहे ना?' अशी पैज लागली होती. माणदेशातल्या भूसाय केंद्रात आज नववीची सहल आली होती, आणि केंद्राच्या प्रमुख डॉ. सानिका म्हणजे जुईलीची आई.

"छान प्रश्न," आई हसली. "हवामान बदललं, उन्हाळे लांबले, उघडी माती तापून उडू लागली. म्हणून आम्ही ही भूसाय बनवली. दुधावर साय धरते, तशी मातीवर धरते. शेवाळ आणि जीवाणूंची कातडी. तिचे तंतू तीस-चाळीस फूट खोल जाऊन माती बांधतात. ओल म्हणाल, तर ती दव शोषते. तीन वर्षांत वाळवंट थांबलं. उपग्रहातून सगळं हिरवं दिसतं. शेळ्यासुद्धा परत आल्यात! उद्या सरकारी समितीने होकार दिला, की ती तीन जिल्ह्यांत पसरवू."

टाळ्या पडल्या. जुईलीनेही वाजवल्या, पण डोक्यात किडा वळवळलाच. उत्तर जरा जास्तच गुळगुळीत होतं. आणि केंद्राचे भूजल-निरीक्षक, म्हणजे तिचे बाबा, टाळ्या न वाजवता स्वतःच्या बुटांकडे का बघत होते?

बाहेर आल्यावर तमन्ना म्हणाली, "परत आल्यात खऱ्या, पन चरत्यात कुठं? आमची शेरडं नुसती जमीन चाटत बसत्यात."

"चाटतात?"

जुईली उकिडवी बसली. भूसायीचा पापुद्रा नखाने उचलला आणि थेट जिभेवर ठेवला.

"ए येडे, थुंक ते!" मुक्ता किंचाळली.

खारट. चक्क खारट! तिने आणखी एक पापुद्रा रुमालात बांधून घेतला.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "आई, दवात मीठ असतं का गं?"

"कसं असेल? दव म्हणजे हवेतली वाफ. वाफ होताना मीठ खालीच राहतं. का गं?"

जुईलीने रुमालाची गाठ सोडून पापुद्रा पुढे केला. "चाख."

आईने चाखला. तिचा भाकरीचा तुकडा तसाच ताटात पडला.

"मीठ खालून वर येतं ते पाण्याबरोबरच," बाबा हळूच म्हणाले. "वात तेल ओढते तसं. सानिका, तुझी साय म्हणजे वात आहे. विहिरींचं पाणी तीन वर्षांत बारा फूट उतरलं. मी आपली मनाची समजूत घालत होतो, की दुष्काळ आहे, उतरणारच."

"म्हणजे वर जेवढं हिरवं..." आई म्हणाली.

"तेवढं खाली कोरडं," बाबा म्हणाले. " पाणी संपलं की साय मरेल आणि मीठ उरेल. मग तिथे कुसळही उगवायचं नाही. वाळवंट थांबलेलं नाही, आपणच पेरतोय."

आईने पापुद्रा परत रुमालात गुंडाळला. मग म्हणाली, "उद्या मंजुरी तर घेऊ. नंतर तपासू सावकाश."

जुईलीने ताट सरकवलं आणि उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. उद्या मी शाळेत जाणार नाही. समितीसमोर तुम्ही सायीचा वाफा मांडणार आहात ना? मी आणि तमन्ना शेरडं घेऊन थेट सभागृहात येणार. ती काय चाटतात ते सगळ्यांना दिसेल. पण आई, त्याआधी तू स्वतः सांगितलंस, तर शेरडं दाराबाहेरच बांधू."