एक वाजताचं टेबल

जिन्याच्या शेवटच्या वळणावर, गच्चीच्या दाराखाली, कालिंदी रोज एकटी जेवायची. पायरीवर रुमाल, रुमालावर डबा, आणि जाळीतून दिसणारा गिरगावातल्या कौलांचा एवढासा तुकडा. खालून सुंठ-ओव्याचा वास यायचा. औषधांच्या त्या जुन्या कंपनीत भिंतींनाही तो वास होता.

त्या दुपारी गच्चीवरून कुणीतरी उतरलं आणि जाता जाता एका हाताने तिच्या डब्यातला घारगा उचलला.

"ओ! काय करताय?"

"जेवतोय." तो खाली दोन पायऱ्यांवर थांबला. फोन खिशात टाकत, चावत म्हणाला, "गूळ मस्त पडलाय."

"विचारायची पद्धत नाही का तुमच्यात?"

"नाही. डब्यातलं विचारून घेतलं तर तो माणूस परका." मग हसला. "मी हेरंब. डिस्पॅच. आणि तुम्ही चलाबाई."

तिचे कान तापले. हे नाव तिच्यामागे फिरतंय, हे तिला माहीत होतं. तोंडावर मात्र पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं… आणि का कोण जाणे, त्याने म्हटल्यावर ते टोचलं नाही.

कंपनी डिलाईल रोडजवळच्या नव्या काचेच्या इमारतीत जाणार होती. माणसांना तिकडे नीट घेऊन जायचं, एवढ्याच कामासाठी कालिंदीला घेतलं होतं. तिने त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. बदल लादायचा नाही, आधी सांगायचं, ऐकायचं, सोबत घ्यायचं – सगळं पाठ होतं. आल्या आल्या तिने भिंतीवर 'चला, नव्या जागेत!' असं पोस्टर लावलं आणि त्याच दुपारी ती चलाबाई झाली.

खालच्या हॉलमध्ये एक लांबच लांब सागवानी टेबल होतं. पूर्वी त्याच्यावर बाटल्यांना लेबलं लागायची. आता एक वाजला की त्यावर वर्तमानपत्रं पसरायची, सगळे डबे मधोमध उघडायचे, आणि आपला डबा आपण खायचा नाही, असा रिवाज. पहिल्या दिवशी कालिंदी तिथे गेली, तर बोलणंच थांबलं. कुणी काही वाईट बोललं नाही. नुसती जरा जास्तच सरकून जागा दिली. दुसऱ्या दिवसापासून ती जिन्यावर.

हेरंब मात्र टेबलावर जायच्या आधी रोज येऊ लागला. गच्चीवर रेंज बरी येते म्हणायचा. फोन लावताना तो कधी दिसला नाही.

"आज काय?"

"विचारलंत? म्हणजे परके झालात."

"बघा हं… शिकताय तुम्ही."

एकदा तो जिन्याचा कठडा नखाने खरवडत म्हणाला, "ज्यांना नव्या ऑफिसला यायचं नाही, त्यांना चिपळूणचा डेपो देतायत. जावं म्हणतो."

घास तिच्या हातातच राहिला. "का? चला ना नव्या जागेत."

"हे ऑफिस म्हणतंय की तुम्ही?"

'चला' हा शब्द तिने इतक्या जणांना, इतक्या वेळा म्हटला होता, की त्यातलं स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. मग ती प्रशिक्षणातलंच बोलली. "तिकडे गेलात तर… तुमचं काय सुटेल?"

"टेबल." तो लगेच म्हणाला. "आई भावाकडे गेली डोंबिवलीला. परळच्या खोलीत मी आणि कुकर. दिवसातून एकदाच चार माणसांत जेवतो. तिकडे तुमची ती उंच गोल टेबलं. दोन माणसं समोरासमोर बसणार, नाहीतर एकटं."

दादरच्या घरी तिचीही एकच ताट-वाटी ओट्यावर वाळत असते, हे तिला सांगायचं होतं. पण तो जिना उतरून गेला होता.

ते टेबल तिच्या डोक्यातून जाईना. साहेबांच्या मागे लागून तिने परवानगी काढली. शुक्रवारी सगळे गेल्यावर टेम्पो बोलावला. सागवानी टेबल चार जणांनी उचललं, नव्या इमारतीत खिडकीपाशी मांडलं. ती स्वतः ओल्या फडक्याने पुसत राहिली. सोमवारी सगळ्यांचे चेहरे कसे होतील… त्याचा कसा होईल!

पण मधे शनिवार होता. जुन्या जागेतला शेवटचा दिवस. एक वाजता माणसं हातात डबे घेऊन हॉलमध्ये आली आणि रिकाम्या फरशीकडे बघत उभी राहिली.

"टेबल खंय गेला?" मालनताईंचा आवाज चिरकला. त्या तिथल्या सगळ्यांत जुन्या.

"मी… तिकडे नेलं. तुमच्यासाठीच. सरप्राईज म्हणून—"

हेरंब पुढे आला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "डब्यातलं विचारून घ्यायचं नसतं, कालिंदी. टेबल विचारून न्यायचं असतं. आज शेवटचं जेवण होतं आमचं इथे." मग म्हणाला, "मी काल चिपळूणला हो म्हटलंय."

तिला जिना आठवला. तिथे पळावं, दाराखाली बसावं. पण ती तिथेच उभी राहिली. मालनताई मात्र पदर खोचून खाली वाकल्या, वर्तमानपत्रं थेट जमिनीवर पसरू लागल्या. बघता बघता पंगत बसली.

"चुकलंच माझं," कालिंदी म्हणाली. "सगळ्यांना विचारा-विचारा सांगत फिरले, आणि मीच विचारलं नाही."

"उभी काय गो? जेवण निवतला. बस."

ती बसली. हेरंबच्या शेजारी, कारण तेवढीच जागा होती. त्याने आपला डबा तिच्यापुढे सरकवला आणि तिचा ओढून घेतला. मटकीची उसळ होती, एकट्या माणसाची, मीठ जरा जास्त. तिने शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली.

"जाऊ नको ना," ती खाली बघत पुटपुटली. "हे ऑफिस म्हणत नाहीये."

त्याचा हात थांबला. "आधी म्हणाली असतीस तर…" आणि मग अगदी हळू, "शब्द दिलाय गं मी तिकडे. वर्षभर तरी."

निरोपाच्या गडबडीत तिचा डबा परत आला, पण त्याचाही तिच्याकडेच राहिला. राहिला, की त्याने ठेवला, कोण जाणे.

सोमवारी नव्या इमारतीत एक वाजता माणसं बिचकत आली. टेबल बघून मालनताईंनी त्यावर तळवा टेकला, नुसता. मग वर्तमानपत्रं पसरली. "चलाबाय, चल!" त्यांनी हाक मारली, आणि कालिंदीचा डबा दहा हातांनी पाच मिनिटांत रिकामा केला. हेच तर हवं होतं तिला. भरल्या टेबलाशी, सगळ्यांच्या बोलण्यात, तिला जिन्यावर कधी वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटलं. शेजारची जागा कुणी घेतली नव्हती. तिथे तिने त्याचा घासलेला डबा ठेवला होता.

"कुरियरने पाठवावा म्हणते हा," ती मालनताईंना म्हणाली.

मालनताईंनी डबा उचलून हलवला. आत काही वाजलं नाही. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की कालिंदीने मान खाली घातली.

"रिकामो डबो परत देवचो नसता, बाय."

त्या आठवड्याच्या शनिवारी पहाटे तिने घारग्यांसाठी भोपळा किसला. गूळ विरघळताना तिने दोनदा गॅस बंद केला, दोनदा परत लावला… नव्या जागेचं नाव काढल्यावर सगळ्यांचं असंच मागे-पुढे व्हायचं. इतके दिवस ती त्याला 'विरोध' म्हणत आली होती.

परळच्या एसटी डेपोत ती चिपळूणच्या गाडीत बसली, तेव्हा फोन वाजला.

"माझा डबा आहे ना गं तुझ्याकडे? पाठवलास का?"

"नाही."

"मग?"

मांडीवरचा डबा अजून कोमट होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला. कंडक्टरने घंटी दिली.

"घेऊन येतेय," ती म्हणाली. "मी. विचारत नाहीये."