शंभर गलबतांचं गिऱ्हाईक

सम्यक गमरे मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो रत्नागिरीत मांडवी किनाऱ्याच्या कठड्यावर बसून माणसं मोजत होता.

खरंच मोजत होता. श्रावणातली संध्याकाळ होती, मध्येच ऊन, मध्येच सर. त्याच्या हातात वही, वहीवर प्लॅस्टिकची पिशवी, आणि समोर एक भलामोठा फलक. फलकावर निळं गलबत आणि त्याखाली इंग्रजीत काहीतरी अगम्य. कोणी फलकापाशी थांबलं की हा पिशवीखाली हात घालून वहीत एक रेघ मारायचा.

मला नसत्या चौकश्यांची खोड आहे. आई म्हणते, "हिच्या नाकाला दार म्हणून कुठलं बंद दिसत नाय." मी भेळ घेतली आणि सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"किती झाल्या?"

तो दचकला. "काय?"

"रेघा."

"...चार. दोन दिवसांत."

"त्यातल्या दोघी आत्ता सर आली म्हणून आडोशाला उभ्या राहिल्या होत्या. फलकाकडे त्यांची पाठ होती."

त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन रेघा खोडल्या. ते मला तिथंच आवडलं. पण इतक्या लवकर कबूल करायचं नसतं.

"आणि हे गलबत कुणी काढलंय?"

"बंगळूरच्या आमच्या आर्टिस्टने. का?"

"शीड भरलंय डावीकडं आणि झेंडा फडकतोय उजवीकडं. तुमच्या बंगळूरला वारा दोन्हीकडून वाहतो वाटतं?"

तो हसला... आणि हसताना त्याने मान किंचित खाली घातली. ओल्या केसांतून एक थेंब थेट वहीवर पडला.

मग मी भेळ त्याच्यापुढे सरकवली आणि विचारत सुटले. त्याची कंपनी शंभर जुन्या गलबतांची चित्रं विकत होती. एनएफटी म्हणून, क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या पैशांत.

"म्हणजे चित्र विकत घ्यायचं, पण घरी आणायचं नाही?"

"चित्र कुणीही बघू शकतं. उतरवूनही घेऊ शकतं. मालक मात्र एकच. त्याची नोंद हजारो कॉम्प्युटरवर एकदम राहते, कुणालाही खोडता येत नाही."

"सातबाऱ्यासारखी?"

"सातबारा तरी खोडतात..."

आता मी हसले. "मग हे घेणार कोण?"

"तेच तर दोन दिवस शोधतोय," तो म्हणाला. असं खरं बोलणारा विक्रेता मी पहिल्यांदाच पाहत होते.

माझा धंदाच तो होता. कुठली जाहिरात कुणाला दाखवायची ते ठरवायचं. माळनाक्यावर फ्लेक्सच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. दोन कॉम्प्युटर, एक पंखा, एक खिडकी. होमस्टेवाले, काजूवाले, क्लासवाले येतात. होमस्टेची जाहिरात रत्नागिरीकरांना दाखवून उपयोग नाही आणि क्लासची जाहिरात पुणेकरांना, एवढी साधी गोष्ट लोकांना कळत नाही, म्हणून माझी चूल पेटते. मी त्याला कार्ड दिलं.

"दर्शना मर्चंडे," त्याने वाचलं. मग हळूच म्हणाला, "जयभीम."

"जयभीम. उद्या दहाला या. वही घरी ठेवून या."

तो पावणेदहालाच आला. वही घेऊन.

हा चिपळूणचा, सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. पुढच्या शुक्रवारपर्यंत पाचशे लोकांनी जाहिरातीवर टिचकी मारून फॉर्ममध्ये नाव-नंबर भरला, तर नोकरी पक्की आणि टेबल बंगळूरच्या हेडऑफिसात. नाही भरला, तर नोकरी संपली.

"म्हणजे मी माझं काम नीट केलं की तुम्ही बंगळूरला," मी म्हणाले.

"हो. आणि वाईट केलंत की चिपळूणला."

चिपळूण एसटीने दोन-अडीच तासांवर आहे. हा हिशेब मी पहिल्याच दिवशी का केला, ते मला विचारू नका.

कंपनीने कुणाला जाहिरात दाखवायची तेही कळवलं होतं. आखातात कामाला असलेले कोकणी लोक आणि त्यांची घरं. पुढे कारण दिलं होतं, 'पैसा आहे, गावची ओढ आहे, विषयाची माहिती कमी आहे.'

मी ते दोनदा वाचलं. माझा सदूमामा सोळा वर्षं कुवेतला आहे. माझ्या कॉलेजचा खर्च त्याने केला.

"माहिती कमी आहे म्हणून हे तुमचं गिऱ्हाईक?" माझा आवाज चढला. "बांगडा शिळा आहे म्हणून आंधळ्याला विकायचा, त्यातली ही गोष्ट झाली."

"मलाही आवडलेलं नाही," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर फलक मांडवीवर लावला होता. तिथं कुणी फसणार नाही याची खात्री होती."

मी हसू दाबलं आणि खुर्ची पुढे ओढली.

मग आम्ही तोड काढली. जाहिरात पुण्या-मुंबईच्या चित्रवेड्यांना दाखवायची, ज्यांना क्रिप्टोचं पाकीट कशाशी खातात ते ठाऊक आहे. कंपनी ऐकणार नाही, म्हणून आखातातही दाखवायची, पण त्यात ठळक लिहायचं, 'भाव पडू शकतो. बुडाले तरी झोप लागेल, एवढेच पैसे घाला.' हे वाक्य माझं. सम्यक म्हणाला, असं वाक्य लिहून आजवर कुणी काही विकलेलं नसेल.

दिवस मजेत जाऊ लागले. तो खिडकीपाशी बसून गलबतांचे झेंडे नव्याने काढायचा. हो, शंभरच्या शंभर! कुणी सांगितलं नव्हतं.

"कशाला एवढे कष्ट?" मी विचारलं.

"तू पुन्हा हसशील म्हणून."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनीही लक्षात आणून दिलं नाही.

"मी हसले तर वाईट वाटतं?"

"नाही..." तो झेंडा काढत राहिला. "काम राहून जातं."

मी उगाच कॉम्प्युटरकडे वळले. कान मात्र तापले होते.

पण जाहिरात काही पुढे सरकेना. क्रिप्टोच्या जाहिरातीला वेगळी परवानगी लागते. कंपनीचे कागद कुठेतरी अडकले होते. मजकुरात तो शब्द दिसला की तपासणारं यंत्र जाहिरात परत पाठवायचं. चार वेळा परत आली. बुधवार उजाडला आणि फॉर्म होते एकोणीस, तेही सम्यकच्या ओळखीतल्यांनी भरलेले.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. खरा मजकूर यायचा असतो तेव्हा ती जागा आम्ही काहीतरी लिहून भरतो. चित्राखाली अक्षरं कशी दिसतात ते कळावं म्हणून. मी 'भेंडी भेंडी भेंडी' लिहिते. मजकूर आला की भेंडी काढायची, मग वाचायचं, मग 'पब्लिश'. बुधवारी पाचवी जाहिरात तयार करताना भेंडी भरायचं काम सम्यककडे होतं. तेवढ्यात गणपतीपुळ्याच्या होमस्टेवाल्या बाईंचा फोन आला आणि मी जिन्यात जाऊन वीस मिनिटं त्यांच्या चादरींचं गाऱ्हाणं ऐकलं. परत आले तर तो चहा सांगायला खाली गेलेला. पडद्यावर चित्र ठीक, कुणाला दाखवायची तेही ठीक, या पाचवीला आखात आणि रत्नागिरी जिल्हा. मजकूर त्याने घातला असणार. मी 'पब्लिश' दाबलं.

दहा मिनिटांत मंजूर! मी टाळीच वाजवली. तो चहा घेऊन वर आला.

"गेली! पास झाली! काय लिहिलंस असं?"

त्याच्या हातातला चहा बशीत सांडला. "दर्शना... तू वाचलं नाहीस?"

मी फोन उघडला. निळं गलबत, नीट फडकणारा झेंडा, आणि खाली लिहिलेलं होतं:

'दर्शना, ही गलबतं खपली तर मला जावं लागेल. नाही खपली तरी जावं लागेल. तू थांब म्हणशील का?'

आणि त्याच्याखाली, 'अधिक माहितीसाठी फॉर्म भरा.'

यंत्राने का अडवावं? त्यात क्रिप्टोचा शब्दही नव्हता.

"बंद कर," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक.

माझा हात माऊसवर गेला... आणि तिथंच राहिला. खाली पहिली ओळ उमटली होती. दोहाहून कुणी हमझा विचारत होता, 'भावा, मग ती काय म्हणाली?' पाठोपाठ मस्कत. मग दापोली. 'ही माळनाक्यावरची दर्शना तर नव्हे?' गुहागरच्या एका गुरुजींनी झेंड्याची दिशा बरोबर असल्याचं कळवलं. मी जाहिरात दाखवणं बंद केलं, पण दोन तासांनी. तोवर लोकांनी ती एकमेकांना पाठवली होती, आणि फॉर्म उघडाच होता. खोटं कशाला सांगू, मला बघायचं होतं.

तेवढ्यात आईचा फोन. "काय गो, सदू कुवेतवरनं इचारतोय, ह्यो कोण पोरगा? आनि मला काय म्हायतीच नाय!"

"नमुन्याचा मजकूर होता तो," सम्यक खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"कळलं," मी म्हणाले. "तिथं भेंडी लिहायची असते."

असं का बोलले मी? त्याने पुढे विचारावं म्हणून. आणि त्याने विचारलं नाही. गुरुवारभर आम्ही दोघं एकमेकांना 'स्टेपलर दे' याखेरीज काही बोललो नाही.

शुक्रवारी सकाळी फॉर्म मोजले. सहाशे त्रेचाळीस.

बंगळूरहून अभिनंदन आलं. नोकरी पक्की. यादी आज पाचपर्यंत पाठव, सोमवारपासून आमची माणसं या सगळ्यांना फोन करतील, आणि बुधवारी तू इकडे हजर हो.

मी वाचलं आणि म्हणाले, "जा मग. पेढे पाठव."

तो यादी उघडून एकेक फॉर्म वाचत बसला. फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना होता, 'तुमचा प्रश्न'. तो मोठ्याने वाचू लागला.

"मैमुना, राजिवडा. 'थांबला काय?' ... प्रथमेश, अबुधाबी. 'ती हो म्हणाली का, रूमवर पैज लागलीय.' ... कमलाबाई, अंजनवेल. 'पोरी, जास्त ताणू नको.'" तो पुढच्या नावावर आला. "सदाशिव मोहिते, कुवेत. 'पोरगा काय करतो?'"

"माझा मामा," मी म्हणाले.

"दर्शना, गलबताबद्दल एकानेही विचारलेलं नाही. नंबर दिलेत ते आपली विचारपूस करायला. आणि सोमवारी यांनाच फोन जाणार... गावचं गलबत आहे, घेऊन टाका म्हणून."

खिडकीवर सर वाजत होती. माझ्या तोंडात दहा वाक्यं आली होती. पाठवू नकोस, पाठव, जा, राहा. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसले. तो काय करतो, ते मला कळायलाच हवं होतं. माझं सगळं त्यावर अडकलं होतं.

त्याने कंपनीला लिहिलं, ही माणसं गिऱ्हाईक नाहीत, चुकून गेलेल्या जाहिरातीवर आलेली आहेत, यादी देता येणार नाही. पाच मिनिटांत फोन वाजला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. हा फक्त "हो सर" आणि "नाही सर" म्हणत होता. "नाही" जास्त वेळा. मग फोन ठेवला, यादी पूर्ण निवडली आणि पुसून टाकली. कॉम्प्युटरने दोनदा विचारलं, नक्की? त्याने दोनदा नक्की म्हटलं.

साडेचार वाजले होते.

"झालं," तो म्हणाला. वही पिशवीत घातली. "सहाची चिपळूण गाडी मिळेल. तुझा फुकट खोळंबा केला... आणि तो मजकूर..."

"भेंडीचा?"

"तो नमुन्याचा नव्हता." आता त्याने मान खाली घातली नाही. "तू वाचायच्या आत पुसणार होतो. रोज एक लिहायचो आणि पुसायचो. त्या दिवशी चहाला गेलो."

रोज एक! आणि मी जिन्यात उभी राहून चादरींचं ऐकत होते.

"ते रोजचे मजकूर मला कधी सांगणार?" मी विचारलं.

"तू उत्तर देशील तेव्हा. जाहिरातीखाली लोक अजून विचारतायत. काय लिहू त्यांना?"

"काही लिहू नको. त्यांना वाट बघू दे." मी उठून त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. बोटांना बोटं लागली आणि दोघांनीही ती लगेच मागे घेतली नाहीत. "थांब, सम्यक. मला तू हवायस. नोकरीचं बघू. पण तू थांब."

तो इतका छान हसला की मी सांगायचंच विसरले, पिशवीतून पाणी गळतंय.

मग मी मामाला फोन लावला. शुक्रवार, त्याची सुट्टी. पहिल्याच रिंगला उचलला.

"काय गो बाय! पोरगा काय करतो?"

मी सम्यककडे पाहिलं. तो भिंतीला टेकून नखं कुरतडत होता.

"साडेचारपर्यंत नोकरी करत होता, मामा. कंपनीला तुझा नंबर हवा होता, तुला काहीतरी गळ्यात मारायला. ह्याने दिला नाही. म्हणून आता काहीच करत नाही."

पलीकडे मामाने एसी बंद केला, घरघर थांबली.

"दे त्याच्याकडं फोन," मामा म्हणाला.